वार बदलला, यादी तशीच राहिली: आपल्या तालुक्यातल्या सेवांची खुली यादी कशी बांधायची आणि ताजी कशी ठेवायची

सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव. आजी-आजोबा नातवाला घेऊन पहाटेच्या एस्टीने निघाले. पोराला चालता येत नाही, म्हणून आजोबांच्या खांद्यावर. दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीचा वार आम्ही स्वयंसेवकांनी केलेल्या सेवांच्या यादीत बुधवार असा लिहिलेला होता. दोन गाड्या बदलून ते पोचले, तर दारावरचा माणूस म्हणाला, "वार तं बदली गया ना बाबा. आते शुक्रवार." तिघांचं जाण्यायेण्याचं भाडं गेलं, दोघांची मजुरी बुडाली.

चूक त्या दारावरच्या माणसाची नव्हती, आमची होती. वार बदलून कित्येक महिने झाले होते आणि आमची यादी व्हॉट्सॲपवर फिरतच होती. चारशेच्या वर ओळी होत्या तिच्यात, आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान! त्या बुधवारनंतर आम्ही ती मोडली आणि पुन्हा बांधली. कशी बांधली, ते खाली सांगतो. खानदेशातली उदाहरणं घेतली आहेत, कारण काम इथेच केलं. रीत कुठेही चालेल.

आधी हिशोब, मग यादी

पहिला प्रश्न "किती माहिती मिळेल?" हा नाही. "किती ओळींना दर तीन महिन्यांनी फोन लावता येईल?" हा आहे. एका ओळीची खात्री करायला दहा मिनिटं धरा. फोन दोनदा वाजून बंद होतो, तिसऱ्यांदा कोणी उचलून "साहेब जेवायला गेलेत" म्हणतो, हे धरून. १३० ओळी म्हणजे १,३०० मिनिटं, साधारण बावीस तास. चार जण असतील तर तीन महिन्यांत प्रत्येकी साडेपाच तास. जमतं. चारशे ओळींना सदुसष्ट तास लागतात, आणि ते कोणाच्याने होत नाही. मग यादी सडते आणि सडलेली यादी कोऱ्या कागदापेक्षा वाईट. कोरा कागद हातात असलेला माणूस निदान विचारून तरी निघतो.

म्हणून एक तालुका घ्या. त्यातही चार-पाच विषय. आम्ही दिव्यांग प्रमाणपत्र, निराधार योजनांचे अर्ज, मोफत कायदेशीर मदत, मुलींची वसतिगृहं आणि व्यसनमुक्ती घेतली. लोक आमच्याकडे हेच विचारत येत होते. तुमच्याकडे दुसरं काही विचारत असतील. महिनाभर वहीत टिपा, विषय आपोआप समोर येतील.

एका ओळीत सगळं कोंबू नका

आमच्या जुन्या यादीत एक रकाना होता, "संस्था व माहिती". त्यात नाव, पत्ता, वेळ, फोन, "सोमवारी बंद", "आधार आणावे" अशी खिचडी. वाचायला बरी, पण दुरुस्त करायला अशक्य.

अमेरिकेत २०१४ साली सुरू झालेल्या ओपन रेफरल या उपक्रमाने अशा याद्यांसाठी एक मोफत आराखडा बनवला आहे. त्याचं नाव ह्यूमन सर्व्हिसेस डेटा स्पेसिफिकेशन. नाव जड आहे, गाभा मात्र अगदी सोपा. चार गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. संस्था म्हणजे सेवा देणारं कोण. सेवा म्हणजे नेमकं काय मिळतं. ठिकाण म्हणजे कुठे. आणि चौथी, जी सगळे विसरतात: त्या ठिकाणची ती सेवा. एकच सेवा तीन गावांत मिळत असेल, तर वार, वेळ आणि फोन तिन्हीकडे वेगळे असतात. ते सेवेच्या ओळीत लिहिले की गोंधळ झालाच.

वेगळं का ठेवायचं, ते १०९८ वरून कळेल. मुलांसाठीची ही हेल्पलाइन अनेक वर्षं एक बिगरसरकारी संस्था चालवत होती. २०२३ मध्ये ती राज्य सरकारांकडे गेली आणि ११२ या आणीबाणीच्या नंबराशी जोडण्याचं काम सुरू झालं. म्हणजे संस्था बदलली, सेवा आणि नंबर तेच राहिले. चार तक्ते वेगळे असतील तर अशा वेळी संस्थेची एकच खूण, म्हणजे ओळख-क्रमांक, बदलावी लागते. एकाच रकान्यात खिचडी असेल तर वीस ठिकाणी हात घालावा लागतो आणि एकविसावं राहून जातं.

आणखी एक फरक पहिल्या दिवसापासून पाळा: सेवा कुठे मिळते आणि कोणासाठी मिळते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जळगाव जिल्ह्यासाठीचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय यावलला आहे. चाळीसगावच्या भिल्ल वस्तीतल्या मुलीला वसतिगृहासाठी विचारायचं असेल, तर तिचं कार्यालय जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिने "चाळीसगाव" असं शोधलं आणि आपल्या यादीत काहीच निघालं नाही, तर यादी खोटं बोलली असं नाही, पण उपयोग शून्य. म्हणून "ठिकाण: यावल" आणि "कार्यक्षेत्र: जळगाव जिल्हा" असे दोन रकाने ठेवा.

सीमेवरच्या गावांत तर हे फारच महत्त्वाचं. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिथल्या माणसाला जवळचा दवाखाना कुठल्या राज्यात आहे याचं सोयरसुतक नसतं. पलीकडची सेवा यादीत जरूर घ्या, पण आपल्या राज्याचं कोणतं कार्ड तिथे चालतं, हे विचारल्याशिवाय एक अक्षर लिहू नका.

एक ओळ जवळून

आमच्या यादीतली एका ठिकाणच्या सेवेची ओळ अशी दिसते (ठिकाण आणि नंबर मुद्दाम गाळले आहेत):

खूण: से-०४१
सेवा: दिव्यांगत्वाची वैद्यकीय तपासणी व प्रमाणपत्र
कोणासाठी: कोणत्याही वयाचे, २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी दिव्यांगत्व
वार: आठवड्यातून एकदा, बुधवार
वेळ: नोंदणी ९ ते ११; तपासणी नंतर
सोबत काय आणायचं: आधार, फोटो, जुने उपचाराचे कागद असतील तर
आधी करायचं काम: ऑनलाइन अर्ज, त्याची प्रिंट
खर्च: नाही
भाषा: मराठी, अहिराणी; पावरी बोलणारं कोणी नाही
पोचायचं कसं: एसटी स्टँडपासून चालत सात मिनिटं, मुख्य दाराला पायऱ्या, उतार मागच्या बाजूला
स्थिती: चालू
शेवटची खात्री: तारीख, आणि कोणी केली

यातले शेवटचे चार रकाने लोक गाळतात. गाळू नका. दिव्यांग माणसाला पाठवताय आणि उतार मागच्या बाजूला आहे हे सांगत नाही, तर काय सांगितलं? भाषेचंही तसंच. धडगाव-मोलगीकडून आलेली पावरी किंवा भिली बोलणारी बाई खिडकीवर दोन शब्दांत गप्प होते आणि परत फिरते. "बोलणारं कोणी नाही" एवढं आधी कळलं, तर ती सोबत कोणाला तरी आणते.

"शेवटची खात्री" हा रकाना तर यादीचा प्राण. वर सांगितलेल्या आराखड्याच्या तिसऱ्या आवृत्तीतही सेवेच्या तक्त्यात खात्रीची तारीख आणि खात्री करणाऱ्याचा ईमेल यांना स्वतंत्र जागा आहे. लोकांसमोर मात्र नाव नको, "स्वयंसेवक ३" पुरे.

वार लिहिताना "दर महिन्याला दोनदा" असं मोघम चालत नाही. "पहिला आणि तिसरा गुरुवार" असं लिहा. आणि पाचवा गुरुवार आला तर काय, हेही विचारा. हसू नका, आम्ही फसलो आहोत.

गावाची नावं

खानदेशात हा वेगळाच ताप आहे. अक्राणी तालुका, पण मुख्यालय धडगाव. लोक धडगावच म्हणतात, कागद अक्राणी म्हणतो. मुक्ताईनगरला जुनी माणसं अजून एदलाबाद म्हणतात. शिंदखेडा की सिंदखेडा, यावर दोन कार्यालयांचं एकमत होत नाही. त्यात प्रत्येक तालुक्यात एक पिंप्री, एक वडगाव, आणि त्यांचे बुद्रुक-खुर्द. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, पण त्याआधीच्या कागदांवर शहादा, तळोदा, नवापूर सगळे "जिल्हा धुळे". असे कागद आजही माणसं पिशवीतून काढून समोर ठेवतात.

उपाय सोपा. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आहे. तिच्यात प्रत्येक जिल्हा, तालुका, गाव आणि ग्रामपंचायतीला एक कोड आहे. तो कोड रकान्यात टाका. शेजारी "लोक काय म्हणतात" असा दुसरा रकाना ठेवून त्यात सगळी पर्यायी नावं लिहा. जुळणी कोडवर, शोध लोकांच्या नावावर.

पाड्यांना पत्ता नसतो. तिथे जाऊन, उभं राहून मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्या. बाजारातल्या बंद नकाशांवरून बिंदू उचलून आपल्या खुल्या यादीत घालायला त्यांच्या अटी आड येतात. ओपनस्ट्रीटमॅप खुला आहे, पण तिथून मोठ्या प्रमाणात घेतलंत तर त्याची अट तुमच्या यादीलाही लागते: पुढे द्याल ते त्याच परवान्याखाली.

माहिती आणायची कुठून

अर्धी माहिती भिंतीवरच असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. त्याखाली प्रत्येक कार्यालयाने कोणती सेवा, किती दिवसांत, किती शुल्कात, कोण देणार आणि अपील कोणाकडे, याचा फलक लावायचा असतो. त्या फलकाचा फोटो काढा, तारखेसह. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सतरा प्रकारची माहिती कार्यालयांनी न मागता जाहीर करायची असते. ती जाहीर केलेली नसेल तर अर्ज करण्याआधी एकदा चहा पिऊन मागा. बहुतेक वेळा चहात काम होतं.

फलकावरचं आणि खिडकीवरचं जुळत नाही तेव्हा काय? दोन्ही वहीत टिपा. फलकावर "शुल्क नाही" असेल आणि खिडकीवर पैसे मागत असतील, तर तुमच्या यादीने खिडकीची बाजू घ्यायची नाही. रकान्यात फलकाचाच आकडा जाईल, आणि तक्रारीची वाट वेगळी.

फोनवर विचारताना "सगळं तेच आहे ना?" असं कधी विचारू नका. समोरचा "हो हो" म्हणणारच. त्याऐवजी अनोळखी माणसासारखं विचारा: "उद्या माझ्या काकूला पाठवायचंय. किती वाजता येऊ? काय काय आणू?" मग उत्तर आपल्या ओळीशी ताडून बघा. आमच्या सगळ्या दुरुस्त्या या एका प्रश्नातून निघाल्या आहेत. शेवटी मात्र आपण यादी करतोय हे सांगून टाका. लपवाछपवी नको, पुढच्या तिमाहीत त्याच माणसाला पुन्हा फोन करायचा आहे.

काय जाहीर करायचं नाही

खुली यादी म्हणजे सगळं उघडं टाकणं नव्हे. मारहाणीतून सुटून आलेल्या बाईच्या आश्रयगृहाचा पत्ता यादीत नको. तिथे १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्या, पुढचं ते बघतात. आपल्या यादीचा पहिला वाचक तिला शोधणारा नवराही असू शकतो, हे डोक्यात ठेवून प्रत्येक ओळ वाचा. बालगृहातल्या मुलांबद्दल अवाक्षर नाही. एचआयव्ही उपचार केंद्राची माहिती देता येते, पण तिथे कोण येतं, किती येतात, असली शेरेबाजी नाही. गोपनीयतेसाठी त्यावर २०१७ चा स्वतंत्र कायदाच आहे.

आशाताईंचा आणि अंगणवाडीताईंचा खासगी मोबाइल नंबर हा आमच्याकडचा सर्वात मोठा वाद. गावात तो सगळ्यांकडे असतो, मग यादीत का नको? कारण गावात असणं वेगळं आणि इंटरनेटवर कायमचं असणं वेगळं. व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. कायदा नसता तरी रात्री बाराला येणारे फोन तुम्हाला नाही, तिला येतात. कार्यालयाचा नंबर आणि पदनाम द्या. खासगी नंबर द्यायचाच असेल तर तिची लेखी संमती घ्या, आणि "काढून टाका" म्हणाली की त्याच दिवशी काढा.

फाइलमधले खड्डे

हा भाग रुक्ष आहे, पण इथेच सर्वाधिक नासाडी होते.

एक्सेल आपल्याला न विचारता शहाणपणा करतं. ०२५७ हा जळगावचा एसटीडी कोड लिहा, ते पुढचं शून्य खाऊन २५७ करतं. धुळ्याचा ०२५६२ आणि नंदुरबारचा ०२५६४ यांची तीच गत. ९१ लावून लिहिलेला बारा अंकी मोबाइल नंबर तर दशांश चिन्ह आणि ई घालून भलतंच काहीतरी दाखवतं. फोनचा रकाना भरण्याआधीच तो 'टेक्स्ट' करा. नंबर इंग्रजी अंकांत ठेवा, म्हणजे मोबाइलवर बोट लावलं की थेट लागतो. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा. नाहीतर ३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, यावर दोन संगणक दोन उत्तरं देतात.

सरकारी कार्यालयातून आलेली यादी कधी कधी श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते. ती युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. सीएसव्ही म्हणजे तक्त्याची साध्या मजकुरातली फाइल; जतन करताना "सीएसव्ही यूटीएफ-८" हाच पर्याय निवडा. साधी सीएसव्ही केलीत तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळेल.

आणि एक बारीक काटा. "ॲम्ब्युलन्स"मधला ॲ दोन प्रकारे टंकता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा अ वर वेगळा चंद्र चढवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. एक शोधलं तर दुसरं सापडतच नाही. कुठला वापरायचा ते एकदा ठरवा आणि बाकीचे 'शोधा-बदला' करून टाका. आमच्याकडे तीन रुग्णवाहिका अशाच कित्येक आठवडे गायब होत्या.

परवाना लिहा, नाहीतर खुली म्हणू नका

यादी इंटरनेटवर टाकली म्हणजे ती खुली झाली असं नाही. दुसऱ्याने ती वापरावी, छापावी, त्यात भर घालावी याची परवानगी तिच्यावर लिहिलेली असली पाहिजे. आम्ही क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० घेतला: कोणीही वापरा, फक्त कोणाची यादी ते सांगा. केंद्र सरकारच्या डेटा पोर्टलवरची माहिती घेतली असेल तर तिला २०१७ चा सरकारी खुला डेटा परवाना असतो, त्यातही श्रेय द्यावं लागतं. श्रेयाच्या ओळीत आम्ही खात्रीची तारीखही मागतो, म्हणजे जुनी प्रत फिरली तरी ती जुनी आहे हे दिसतं.

लोकांपर्यंत

फाइल गिटहबवर (फाइली आणि त्यांतले बदल ठेवायची वेबसाइट) किंवा साध्या शेअर्ड शीटवर ठेवा, दुवा कायम एकच ठेवा. व्हॉट्सॲपवर दुवा पाठवा, फोटो नको. फोटोला सुधारता येत नाही, तो वर्षानुवर्षं फिरत राहतो.

पण खरा वाचक कागद वाचतो. ए-फोर कागदावर मोठ्या टायपात, एका गावाला लागणाऱ्या दहा-बारा सेवा. वर ठळक: "ही यादी ३० सप्टेंबरपर्यंतच खरी धरा." औषधाच्या पाकिटावर असते तशी मुदत. रेशन दुकान, ग्रामपंचायत, एसटी स्टँडवरची चहाची टपरी. टपरी सर्वात उत्तम, तिथे माणूस थांबतो.

वाटायची वेळही साधा. ऊसतोडीला आणि गुजरातेत कामाला गेलेली सातपुड्यातली माणसं होळीला घरी येतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० हा नंबर, आणि १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते ही माहिती, झोक्याखाली जितकी पोचते तितकी कुठल्याही शिबिरात पोचत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

दर तिमाहीला सगळ्या ओळी. पण सगळ्या तिमाही सारख्या नसतात. राज्य सरकारी बदल्या साधारणपणे एप्रिल-मे मध्ये होतात, म्हणून जूनची फेरी सर्वात जड. नवा अधिकारी आला की वार, खिडकी, कधी फोनही बदलतो. स्वयंसेवी संस्थांचे बरेच प्रकल्प ३१ मार्चला संपतात. निधी पुढे आला की नाही ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात विचारा, पहिल्यात त्यांनाही माहीत नसतं.

तीन वेळा फोन लागला नाही तर ओळीवर "खात्री झाली नाही" असा शिक्का. सहा महिने खात्री नाही, तर छापील कागदातून बाहेर. चूक कळवायला एकच नंबर ठेवा, आणि कळवणाऱ्याला दोन दिवसांत उत्तर द्या, मग ते "तपासतोय" एवढंच का असेना. उत्तर मिळालं नाही की माणूस दुसऱ्यांदा कळवत नाही.

दुसरी संस्था यादी जोडायला आली तर आधी विचारा: तुमच्या ओळींची खात्री कोण करणार? उत्तर "तुम्हीच करा" असेल तर नम्रपणे नाही म्हणा. उत्तर असेल तर खुणा जुळवा, एका सेवेला एकच खूण, आणि कोणती ओळ कोणाच्या जबाबदारीची ते रकान्यातच लिहा.

यादीचं खातं एकाच माणसाच्या ईमेलवर ठेवू नका. आमच्या एकाला पुण्यात नोकरी लागली, नंबर बदलला, आणि त्याच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीसाठी आम्ही दहा दिवस त्याच्या मागे होतो. आता दोघांकडे चाव्या आहेत आणि तिसरी बंद पाकिटात, वाचनालयाच्या कपाटात.

ओळ कधी पुसायची नाही. स्थिती "बंद" करायची, कारण आणि तारीख लिहायची, वार बदलला तर जुना वार इतिहासाच्या तक्त्यात ठेवायचा. से-०४१ च्या इतिहासात आज तीन नोंदी आहेत: बुधवार, मग शुक्रवार, आणि गेल्या जूनच्या फेरीपासून पुन्हा बुधवार.